तीन महिन्यांचे भाडे कोणत्या महिन्यांत द्यायचे? गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण नव्याने घर मिळालेल्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांसाठी, आणि त्यातही त्यांच्या कार्यक्रमप्रमुखांसाठी बेतले आहे. कुटुंब कल्पित आहे आणि घरखर्चाचे आकडे हिशेबासाठी धरले आहेत. कायदे, योजना आणि गोव्याचे वर्ष जसे फिरते ते मात्र खरे आहे. प्रकरणात कोणी खलनायक नाही. कार्यकर्ती मनापासून काम करत होती, घरमालकीण समंजस होती, आई कष्टाळू होती. तरीही सहाव्या महिन्यात खोली हातची जायची वेळ आली.

कुटुंब आणि खोली

घरात चौघे. आई ३४ वर्षांची, मूळची महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातली, ११ वर्षांपासून गोव्यात. कळंगुटच्या किनारपट्टीवर एका गेस्टहाऊसमध्ये खोल्या आवरणे आणि धुलाई हे तिचे काम. नवरा तीन वर्षांपूर्वी निघून गेला, फारकत झालेली नाही. सासू ६६ वर्षांची, मधुमेही, सात वर्षांपासून सुनेजवळ. मुलगा १३ वर्षांचा, सातवीत. मुलगी ८ वर्षांची, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला.

आधीची खोली कळंगुटजवळच होती. नोव्हेंबरमध्ये मालकाने मागच्या सगळ्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरवल्या आणि १५ दिवसांची मुदत दिली. किनारपट्टीवर हे दरवर्षी होते. कुटुंब दोन महिने नातेवाइकांच्या पडवीत राहिले, मग बेघर कुटुंबांना घर मिळवून देण्याचा कार्यक्रम चालवणाऱ्या एका संस्थेच्या तात्पुरत्या निवाऱ्यात. १ फेब्रुवारीला थिवीत एक खोली, स्वयंपाकघर आणि सामायिक न्हाणीघर असलेली कौलारू जागा मिळाली. भाडे ५,५००, दर महिन्याच्या ५ तारखेला. दोन महिन्यांची अनामत, ११,०००, कार्यक्रमाने भरली. करार रिवाजाप्रमाणे ११ महिन्यांचा. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून ही ११ महिन्यांची प्रथा पडली आहे.

घरमालकीण विधवा, साठीच्या पुढची. सगळे तिला काकी म्हणतात. दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचे औषधपाणी चालते. कार्यक्रम चालवणारे पुष्कळदा घरमालकाला समोरच्या बाजूला बसवतात, पण तिचे घरही याच भाड्यावर उभे आहे.

फेब्रुवारीतला आराखडा

कार्यकर्तीने आईशी बसून हिशेब मांडला. पगार आणि टिप मिळून १६,०००. खर्च: भाडे ५,५००, वीज आणि गॅस १,३००, किराणा ५,०००, औषधे ७००, बसभाडे १,२००, शाळा ६००, मोबाईल ३००. बेरीज १४,६००. शिवाय बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता १,०००, सप्टेंबरपर्यंत. हातात उरतात ४००.

भाडे उत्पन्नाच्या साधारण एक-तृतीयांश येते, म्हणजे परवडते, असा शेरा पडला. कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांचे भाडे संस्थेने भरायचे: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, एकूण १६,५००. त्या अवधीत कुटुंब सावरेल आणि मे महिन्यापासून स्वतः भरेल, ही अपेक्षा. शिवाय ‘अपेक्षित उत्पन्न’ या रकान्यात गोवा सरकारच्या दोन योजनांचे पैसे लिहिले गेले: गृहिणींना मिळणाऱ्या गृह आधारचे १,५०० आणि वृद्धांना मिळणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, आजीच्या नावाने, २,०००.

भेटींचे वेळापत्रक असे: पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, नंतर महिन्याला एक फोन. ९० दिवसांनी फाईलवर ‘स्थिर’ असा शिक्का. एप्रिलअखेर तो पडला. घर नीटनेटके होते, भाडे थकलेले नव्हते (थकणार कसे, ते संस्थाच भरत होती), मुलगी शाळेत जात होती.

११ जुलै

त्या दिवशी काकीचा फोन आला. जूनचे ५,५०० पैकी २,५०० मिळाले होते, जुलैचे काहीच नाही. थकबाकी ८,५००. तिच्या तीन तक्रारी होत्या. भाडे नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाणी गळते आणि बाई त्यावरून वाद घालते. आणि चार माणसे राहणार असे सांगितले होते, तर मार्चपासून मेपर्यंत सहा जण राहत होते. ‘पोरांकडे बघून गप्प बसले, पण आता खोली रिकामी करून द्या,’ एवढेच तिचे मागणे.

कार्यकर्ती त्याच संध्याकाळी गेली. मुलगा घरीच होता. तो एप्रिलपासून शाळेतच गेला नव्हता.

कुठे चुकले

मूळ चूक एकाच ओळीत सापडते: उत्पन्न पर्यटनाच्या सीझनमध्ये मोजले. किनाऱ्यावरच्या शॅकना, म्हणजे हंगामी खाद्यगृहांना, ३१ मेपर्यंत गाशा गुंडाळावा लागतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, बांधकामे पावसात मंदावतात. हॉटेले चालू राहतात, पण कमी माणसांवर, आणि आधी सुटतात ते हंगामी हात. या आईचे काम ३१ मेला थांबले. जून ते सप्टेंबर तिने म्हापशात दोन घरची कामे आणि एका दुकानाची साफसफाई धरली, महिन्याचे ८,०००. म्हणजे आठ महिने १६,००० प्रमाणे १,२८,००० आणि चार महिने ८,००० प्रमाणे ३२,०००, वर्षाचे १,६०,०००. वर्षाचे भाडे ६६,०००. खरे प्रमाण एक-तृतीयांश नव्हे, ४१ टक्के. आणि नुसत्या पावसाळ्यापुरते पाहिले तर जवळजवळ ६९ टक्के. फेब्रुवारीत हा हिशेब करायला लागणारा प्रश्न एकच होता: गेल्या जुलैत तुझ्या हातात किती आले?

त्यावर दुसरी चूक चढली, आणि ती नियमाची आहे, व्यक्तीची नाही. संस्थेने भाडे भरले ते नेमके आईची पूर्ण कमाई सुरू असते अशा तीन महिन्यांत. मदत संपली आणि महिन्याभरात सीझनही संपला. फेब्रुवारी ते एप्रिल हातात राहिलेले पैसे उधळले गेले नाहीत: जुने दुकानदाराचे देणे फिटले, पंखा, कुकर, दोन गाद्या आणि जुना फ्रीज आला. दोन महिने पडवीत झोपलेल्या घराने गादी घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? दोष त्या खरेदीत नाही. संसाराच्या वस्तूंसाठी आराखड्यात वेगळी रक्कमच नव्हती, म्हणून भाड्याची मदत त्या वस्तूंत गेली.

हेच १६,५०० जून ते सप्टेंबर दिले असते तर काय झाले असते, तेही मोजून पाहावे. पावसाळ्यात काम म्हापशात असल्याने बसखर्च ९०० ने कमी होतो. रेशनचे धान्य सुरू असते तर किराण्यात ८०० वाचतात. तरी खर्च १२,९०० आणि हप्ता १,०००, मिळून १३,९००, कमाई ८,०००. महिन्याला ५,९०० ची तूट, चार महिन्यांची २३,६००. फेब्रुवारी ते मे दरमहा ४०० अधिक रेशनचे ८०० बाजूला पडले असते तर ४,८०० जमले असते. उरली १८,८००. त्यात १६,५०० टाकले तर २,३०० कमी पडतात. पूर्ण भागत नाही, वस्तूंचा खर्चही वेगळा राहतोच. पण २,३०० ची तूट एखाद्या उचलीने निघते. ८,५०० ची थकबाकी घर काढून घेते.

भेटींचा उतरता क्रमही असाच उलटा बसला. कठीण काळात ठरावीक मुदतीचा आधार देण्याची जी पद्धत १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आकाराला आली, तिच्यात एकूण नऊ महिन्यांत तीन टप्पे असतात: आधी घट्ट सोबत, मग कुटुंबाने स्वतः करून पाहणे, शेवटी आधाराचे धागे स्थानिक माणसांकडे सोपवणे. पद्धत चांगली आहे. पण ती महिने मोजते, ऋतू मोजत नाही. गोव्यात फेब्रुवारीत सुरू केली तर सोबत सैल पडते ती ऐन जूनमध्ये. आपल्याकडे क्रम उतरवायचा असेल तर कुटुंबाने एक पावसाळा पार केल्यावरच.

आता योजनांचा रकाना. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा या दोन्हींना गोव्यात १५ वर्षे वास्तव्य लागते. आई ११ वर्षे, आजी सात. अर्ज करण्यात मार्च आणि एप्रिलचे चार दिवस आणि चार दिवसांची मजुरी गेली, आणि शेवटी मामलेदार कार्यालयाच्या खिडकीवर कळले की दाखलाच मिळणार नाही. उलट दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंतच्या उपचारखर्चाचे संरक्षण मिळते, आणि घरात मधुमेही आजी आहे. तो अर्ज कोणी केलाच नव्हता. या कामातला साधा नियम: मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत योजनेचा एक रुपयाही उत्पन्नात धरायचा नाही. आणि यादी लाभाच्या रकमेप्रमाणे नव्हे, वास्तव्याच्या अटीप्रमाणे लावायची, आधी पाच वर्षांच्या, मग १५ वर्षांच्या.

रेशनचेही तसेच. कुटुंबाची शिधापत्रिका दोडामार्गची, प्राधान्य गटातली. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे तिचे धान्य गोव्यातल्या दुकानातही उचलता येते: माणशी पाच किलो, चौघांचे २०, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड गोव्यात बदलून आणायची गरज नाही. कार्यकर्तीने मात्र नवीन कार्डाचा अर्ज लिहून ठेवला होता आणि तो जुन्या कार्डातून नावे कमी केल्याच्या दाखल्यापाशी अडकून पडला होता. असे अर्ज मध्येच सोडले तर धोका मोठा असतो, कारण जुन्या कार्डातून नाव जाते आणि नव्यात येत नाही. दुसरी अडचण अंगठ्याची. सोडा आणि ब्लीचमध्ये वर्षानुवर्षे हात असलेल्या बाईचे ठसे यंत्र ओळखत नाही, वयस्कर आजीचेही नाही. कार्डावरच्या कोणाही एका सदस्याची ओळख पटली तरी धान्य मिळते, म्हणून मुलाचा आधार कार्डाशी जोडलेला आहे का हे आधी पाहायचे.

मुलाच्या शाळेची चूक सर्वांत जिव्हारी लागते, कारण ती टाळणे अगदी सोपे होते. २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले, प्राथमिकचे जूनमध्येच राहिले. एकाच घरात दोन वेळापत्रके. कार्यकर्तीने दोन्ही मुलांचे दाखले जूनमध्ये हलवायचे ठरवले होते. फेब्रुवारीत मुले जुन्या शाळेतच ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, परीक्षा तोंडावर असताना शाळा बदलू नये. पण मुलाच्या नव्या शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचा दाखला जुन्या शाळेत होता आणि कळंगुटला जायला दोन बस. तो घरी राहिला. मग मामाबरोबर एका साइटवर पाणी मारायला जाऊ लागला, दिवसाला ३००. जूनमध्ये घरात तेवढेच पैसे नियमित येत होते. आईने मुलाला शाळेतून काढले, असे फाईलमध्ये कोणी लिहिले तर ते खोटे आहे. शाळेच्या आणि कार्यक्रमाच्या तारखा जुळल्या नाहीत आणि त्या फटीतून तो घसरला. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना माहीत असते. आईला नसते, आणि खिडकीवरून परत पाठवलेली बाई पुन्हा जात नाही.

कराराकडे या वळणावर पाहिले पाहिजे. १ फेब्रुवारीपासून ११ महिने म्हणजे ३१ डिसेंबर. गोव्यात घर शोधायला याहून वाईट दिवस नाही. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात बार्देशमध्ये रिकामी खोली मालकाला रोजच्या दराने पैसे देते. याच कुटुंबाने एक खोली नोव्हेंबरमध्ये अशीच गमावली होती आणि आराखड्याने त्याला पुन्हा त्याच खिंडीत आणले. करार जून-जुलैत सुरू होईल असा करावा, तेव्हा खोल्या रिकाम्या असतात आणि भाड्यावर बोलता येते. शिवाय ११ महिन्यांचा करार दर वर्षी एक महिना मागे सरकतो, हे वहीत लिहून ठेवायला हवे. जूनमधला करार चार-पाच वर्षांत आपोआप ऐन सीझनमध्ये येऊन पोचतो.

गळतीचे कारण करारातली न लिहिलेली ओळ. मंगळुरी कौलांच्या घराची मे महिन्यात शाकारणी करावी लागते, म्हणजे कौले काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवावी लागतात. कोणी करायची, कोणाच्या खर्चाने, हे कोरे होते. काकीला वाटले भाडेकरू करेल, आईला वाटले मालकीण करेल, आणि पाऊस आला.

पाहुण्यांबद्दल थोडे. घर मिळालेल्या माणसाकडे घर नसलेले नातेवाईक येतात. आईचा भाऊ आणि त्याचा मित्र सीझनच्या कामासाठी आले होते. ‘पाहुणे ठेवायचे नाहीत’ असा नियम लादला तर कुटुंब तो मोडते आणि लपवते, कारण उद्या त्याच भावाची पडवी तिला लागणार आहे. त्यापेक्षा चालतो तो असा: १५ दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर मालकिणीला आधी सांगायचे, आणि वीज-पाण्यासाठी माणशी ठरलेली रक्कम द्यायची.

आणि आता प्रमुखाचा भाग. कार्यक्रमात ४२ कुटुंबे होती, तीन कार्यकर्त्या, प्रत्येकीकडे १४. एप्रिलमध्ये एक सोडून गेली. तिची १४ कुटुंबे दोघींत वाटली, प्रत्येकी २१. प्रमुखाने भेटींचे वेळापत्रक तेच ठेवले. २१ घरांत तेच वेळापत्रक पाळायचे तर शिक्का लवकर मारण्याशिवाय मार्ग राहत नाही. कार्यकर्तीला मे महिन्यात मुलाबद्दल शंका आली होती, पण साप्ताहिक बैठकीत ‘किती फाईली स्थिर झाल्या’ हा प्रश्न पहिला असे, आणि त्या प्रश्नापुढे शंका बोलून दाखवणे म्हणजे आपले अपयश सांगणे होते. माणूस कमी झाला तर नवीन कुटुंबे घेणे थांबवायचे असते. हा निर्णय फक्त प्रमुखच घेऊ शकतो, आणि निधी देणाऱ्यांसमोर तो अवघड जातो हे खरे, तरी तो घ्यायचा असतो.

जुलै ते डिसेंबर

१२ जुलैला प्रमुख स्वतः काकीकडे गेला. आईला बरोबर न नेता आधी एकटा, कारण थकबाकीच्या बोलण्यात भाडेकरूला समोर उभे केले तर दोघींचेही बोलणे कडवट होते आणि नंतर त्याच अंगणात राहायचे असते. पहिल्यांदा शाकारणीचे बोलणे काढले. कौले आणि मजुरीचा खर्च काकीने करायचा, माणूस संस्थेने आणून द्यायचा. चार दिवसांत गळती थांबली. पैशाच्या आधी गळती मिटवली म्हणून पुढचे बोलणे जमले.

थकबाकी ८,५०० ची निम्मी, ४,२५०, संस्थेने लगेच दिली. उरलेली निम्मी आईने ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दरमहा ८५० प्रमाणे पाच हप्त्यांत. पुढचे भाडे सरळ रेषेत न ठेवता ऋतूप्रमाणे केले: ऑगस्ट आणि सप्टेंबर ४,०००, ऑक्टोबर ते मार्च ६,०००. काकीचे दोन महिन्यांत ३,००० कमी आले, ते सहा महिन्यांत ५०० प्रमाणे परत आले. तिला वर्षाचे तेवढेच मिळते, आणि सीझनमध्ये जास्त हवे ही तिची इच्छाही त्यात बसते. ऑगस्ट-सप्टेंबरचे ८,००० संस्थेने थेट तिच्या खात्यात भरले. दर महिन्याची पावती आईच्या नावाने.

पावतीचे महत्त्व पैशापुरते नाही. आई ११ वर्षे गोव्यात राहिली, पण कागदावर ती वर्षे विखुरलेली होती. मुलीचा जन्मदाखला गोव्यातला, मुलाची शाळेची नोंदवही, लसीकरणाचे कार्ड. हे एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावले. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मालकिणीने पोलीस ठाण्यात दिल्याची पोच त्यात ठेवली. चार वर्षांनी १५ वर्षांचा दाखला मागताना हीच पिशवी तलाठ्यासमोर जाईल. स्वास्थ्य योजनेचा अर्ज याच कागदांवर झाला.

रेशन ऑगस्टमध्ये सुरू झाले, मुलाच्या अंगठ्यावर. नव्या कार्डाचा अर्ज मागे घेतला.

मुलासाठी कार्यकर्ती १४ जुलैला आईसोबत नव्या शाळेत गेली. दाखला मागाहून येईल असे लेखी दिले, प्रवेश त्याच दिवशी झाला. बालरथ, म्हणजे शाळेची बस, त्यांच्या वाड्यापासून सव्वा किलोमीटरवर थांबते. वाहकाशी बोलून थांबा पुढे आणता आला नाही, म्हणून शेजारच्या दोन मुलांबरोबर चालत जाणे ठरले. बुडालेले तीन महिने भरून काढायला गणिताच्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला. दिवसाचे ३०० बंद झाले हे विसरून चालणार नव्हते. आईने जुलैअखेर एका कॅन्टीनमध्ये सकाळचे दोन तास धरले. मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत असते, म्हणजे तो आठवीत असलेल्या या वर्षी त्याचे एक जेवण शाळेत होते. नववीत ते थांबेल, ते पुढच्या वर्षीच्या हिशेबात आतापासून लिहिले आहे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, याच खड्ड्यात येते, ऑगस्ट-सप्टेंबरात. गावी जाणे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळे-पाने), मुलांचे कपडे, आरतीचा शिधा, मिळून ५,००० कुठे जातात कळत नाही. हा खर्च कमी करा असे सांगणारा कार्यक्रम कुटुंबाचा विश्वास गमावतो, आणि गमवावाच. वर्षभर परक्या अंगणात राहणारी माणसे त्या पाच दिवसांत आपल्या घरात असतात. या वर्षी भावाने वाटा उचलला. पुढच्या वर्षासाठी नोव्हेंबरपासून दरमहा ५०० ची भिशी आईने गेस्टहाऊसमधल्या बायकांबरोबर सुरू केली.

२० सप्टेंबरला, सीझन उघडण्याआधी, कराराचे बोलणे झाले. ३१ डिसेंबरनंतर पाच महिन्यांचा नवीन करार, ३१ मेपर्यंत, आणि पुढचा ११ महिन्यांचा १ जूनपासून. शाकारणी मालकिणीने ३० एप्रिलपर्यंत, खाली करायची सूचना दोन महिने आधी, पाहुण्यांचा नियम वरीलप्रमाणे, विजेच्या मीटरचे वाचन दर १ तारखेला दोघींच्या समोर. ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो तर काकीच्या दारात तोवर एखादा दलाल येऊन गेला असता.

संस्थेचा एकूण भाड्याचा खर्च: आधीचे १६,५००, थकबाकीचे ४,२५०, पावसाचे ८,०००. बेरीज २८,७५०.

प्रमुखाच्या टेबलावरची वही

या प्रकरणानंतर बदललेले मुख्य साधन म्हणजे एक साधी वही. प्रत्येक कुटुंबाला एक पान, पानावर बारा महिन्यांच्या बारा चौकटी. प्रत्येक चौकटीत त्या महिन्याची अपेक्षित कमाई, भाडे, आणि त्या महिन्यात पडणारी एखादी तारीख: शाळा सुरू, करार संपतो, कर्ज फिटते, चवथ, शाकारणी. कमाई गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून विचारायची. लोकांना रक्कम आठवत नसते, पण ‘गेल्या चवथीला हातात किती होते, कोणाकडून उसने घेतले’ हे नीट आठवते. पान भरले की तुटीचे महिने उघडे दिसतात आणि भाड्याची मदत त्या चौकटींत लिहायची. ट्रॉलरवर जाणाऱ्याच्या पानावर ती जून-जुलैत पडते, बांधकाम मजुराच्या पानावर जुलै-ऑगस्टमध्ये, सरकारी शाळेत भोजन शिजवणाऱ्या गटातल्या बाईच्या पानावर सुट्टीत.

दर ८ तारखेला घरमालकांना फोन, तोही कार्यकर्तीने नव्हे, कार्यालयातून. पाच दिवस भाडे चुकले, पंधरवड्यात मूल तीनदा गैरहजर राहिले, सलग दोन भेटींना दार बंद मिळाले, किंवा विजेचे बिल अचानक दुप्पट झाले, तर ते पान बैठकीत पहिले उघडते. बैठकीचा पहिला प्रश्न आता ‘या आठवड्यात कोणत्या घराची काळजी वाटते’ हा आहे. कार्यकर्तीमागे १५ च्या वर कुटुंबे नाहीत. माणूस सोडून गेला की नवीन प्रवेश थांबतो.

जागा देणे आणि वसवणे यांतला फरक गोव्याने फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. साळावली धरणासाठी कुर्डी गाव उठले, सुमारे ६०० कुटुंबे, तीन हजारांहून अधिक माणसे. जमीन आणि भरपाई मिळाली, वाडें आणि वाळकिणीला वसाहती झाल्या. धरणाचे पाणी दक्षिण गोव्यात गेले, आणि उन्हाळ्यात आम्हाला मात्र टँकरची वाट पाहावी लागते, ही कुर्डीकरांची तक्रार वर्षानुवर्षे राहिली. विहीर आटली आहे की नाही हे एप्रिल-मेमध्ये जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. जागा पाहायला आपण बहुधा फेब्रुवारीत जातो.

अजून सुटलेले नाही

ऑक्टोबरपासून कमाई पुन्हा १६,००० आहे. बचत गटाचे कर्ज फिटले. भाडे ६,०००, थकबाकीचा हप्ता ८५०, रेशनमुळे किराणा ४,२००. हातात ८५० उरतात, भिशीचे ५०० गेले की ३५०. आजीची साखर वाढून एखादा आठवडा काम बुडाले तर हे पान पुन्हा तांबडे होते, म्हणून डिसेंबरच्या टिपेचे पैसे आईने वेगळ्या टपाल खात्यात टाकले आहेत आणि ते जूनशिवाय काढायचे नाहीत असे तिनेच ठरवले आहे. मुलगा शाळेत आहे, पण नोव्हेंबरमध्ये चार दिवस गैरहजर होता. साइटवर पुन्हा बोलावणे आले होते. नवरा आला तर काय करायचे याबद्दल आईशी बोलणे झाले आहे, महिला हेल्पलाइनचा १८१ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक मुलालाही माहीत आहेत.

फाईलवरचा ‘स्थिर’ हा शिक्का खोडला आहे. जूनमध्ये आठवड्याच्या भेटी पुन्हा सुरू होतील, आणि फाईल बंद करायची की नाही हे येत्या ३० सप्टेंबरला, पावसाळ्याच्या चारही महिन्यांच्या पावत्या समोर ठेवून ठरेल.